एकसष्ट गुणिले एकवीस

“ताई, एक विचारू का? हसू नका पण. तुमची वेबसाइट माणसानं भरलेलं खाते का हो कधी?” सिस्टरनी फोनवर विचारलं आणि मी हसले. हसू नका म्हटल्यावर माणूस हसतोच, शिवाय असले प्रश्न मला रोज येतात. एकोणीस वर्षं मी एका होस्टिंग कंपनीत आहे. लोकांच्या वेबसाइटी आमच्या सर्व्हरवर राहतात, भाडेकरू राहावेत तशा, आणि त्यांचे नळ, दिवे, कड्याकुलपं बघायचं काम माझं. कुणी म्हणतं आमची वेबसाइट रुसलीय, कुणी म्हणतं कालपासून ती गप्पच बसून आहे. तेव्हा मी हसले आणि म्हणाले, “खात नाही हो सिस्टर, तिला आम्ही उपाशीच ठेवतो.” पलीकडून हसू आलं नाही. सिस्टर तशा हसऱ्या. माझे बाबा ज्या वृद्धाश्रमात चार वर्षं आहेत तिथं त्या औषधांचं बघतात, आश्रमाची वेबसाइट आमच्याच सर्व्हरवर आहे आणि औषधांचा तक्ता त्या तिच्यावरच भरतात, आणि बाबांच्या कुरकुरीवर त्यांचं हसू हेच खरं औषध आहे असं मी स्वतःच कितीदा म्हटलंय. त्या हसल्या नाहीत म्हणून मी कानातला फोन जरा घट्ट धरला. “रविवारी दुपारी मी पुढच्या आठवड्याचा तक्ता भरला,” त्या हळू आवाजात सांगू लागल्या, बहुतेक जिन्यात उभ्या राहून बोलत असाव्यात, कारण प्रत्येक वाक्याला घुमारा येत होता. “नेहमीसारखाच भरला. खाली हिरव्या अक्षरात ‘जतन झाले’ आलं, ते बघूनच मी उठले. आणि आता आमच्या आश्रमाच्या मॅडम म्हणतात, एकोणपन्नास नंबरपासून पुढं सगळं कोरं आहे. मी पण बघितलं. कोरंच आहे. अठ्ठेचाळीसच्या आजोबांचं शुक्रवार सकाळपर्यंत आहे, पुढं नाही. मधेच उठून गेल्यासारखं.”

मी ऐकत होते आणि माझा उजवा हात समोरच्या कागदावर गुणाकार करत होता. मी त्याला सांगितलं नव्हतं. माणसं एकसष्ट. दिवस सात, दिवसातून तीन वेळा, म्हणजे एकेकाचे एकवीस रकाने. एकसष्ट गुणिले एकवीस, बाराशे एक्याऐंशी. मग हाताने उलटं चालायला सुरुवात केली. सत्तेचाळीस गुणिले एकवीस, नऊशे सत्याऐंशी. हजाराला उरले तेरा. तेरा म्हणजे चार दिवसांचे बारा आणि पाचव्या दिवशीचा सकाळचा एक. शुक्रवार सकाळ. पेन तिथं थांबलं. सिस्टर पुढं बोलतच होत्या. त्रेपन्न नंबरच्या आजींना काल न्हाणीघरात फिट आली. तीन वर्षांत आली नव्हती. पडल्या, नळावर डोकं आपटलं, नऊ टाके पडले. हॉस्पिटलमध्ये आहेत, अजून नीट शुद्धीवर नाहीत. त्यांची फिटची गोळी सोमवारपासून पोटात गेलेलीच नाही, कारण फेरीला नेतात त्या छापील तक्त्यात त्यांच्यापुढे काहीच नव्हतं, आणि आमच्याकडे नियम आहे ताई, तुम्हाला माहितीये, कागदावर नाही ते द्यायचं नाही. “मॅडम मला ओरडल्या नाहीत,” सिस्टर म्हणाल्या, “ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. लिहून द्या म्हणाल्या, की माझ्याकडून भरायचं राहिलं. एक तारखेपासून मला कपड्यांच्या खोलीत टाकणार आहेत. ते जाऊ दे हो. मला फक्त एवढंच कळू दे, मी भरलं होतं का नाही. तुम्ही एकदा बघाल का?” आणि मी, जिला त्या क्षणी सगळं माहीत होतं, तेराव्या रकान्यापर्यंत माहीत होतं, म्हणाले, “बघते हं. बघून फोन करते.”

फोन ठेवल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल तर बाबांचा नंबर बघितला. तो मला पाठ आहे. त्यांच्या कपड्यांवर, चष्म्याच्या डबीवर, काठीवर मीच मार्करने एकोणीस असं लिहिलेलं आहे, तरीसुद्धा मी यादी उघडून बोट ठेवत खाली आले आणि एकोणीसवर थांबले. यादी प्रवेशाच्या क्रमाने आहे. जुनी माणसं वर, नवी खाली. बाबांचे एकवीसच्या एकवीस रकाने भरलेले होते. रक्तदाबाची, पित्ताची, शनिवारी ती मोठी पांढरी गोळी जी गिळताना ते जगाला शिव्या देतात. मला बरं वाटलं. लख्ख, मोकळं, पोटभर बरं वाटलं, आणि ते वाटणं संपायच्या आतच त्याची शिसारी आली. खाली तेरा माणसं पूर्ण कोरी आणि एक माणूस अर्धवट कोरं होतं, आणि त्यांच्याही कुणा लेकीसुना कुठल्या ना कुठल्या टेबलाशी बसल्या असतील, त्यांना कुणी फोन केला नव्हता.

काय झालं होतं ते सांगते, फार अवघड नाही. बहुतेक वेबसाइटी ज्यावर चालतात त्याला पीएचपी म्हणतात. त्याच्या ढीगभर सेटिंग्ज असतात: एका पानाने किती जागा वापरायची, किती सेकंद चालायचं, केवढी फाइल आत घ्यायची. त्यातलं एक सेटिंग सांगतं की एका फॉर्ममधून जास्तीत जास्त किती रकाने स्वीकारायचे. मुळातला आकडा एक हजार. त्यावरचे रकाने आले तर पीएचपी तक्रार करत नाही, फॉर्म परत पाठवत नाही. हजार घेतं आणि उरलेले दारातच टाकून देतं, आणि वर पान आनंदाने सांगतं की जतन झाले. वृद्धाश्रमाचा तक्ता हजाराच्या पुढे गेला तेव्हा काकांनी हा आकडा पाच हजार करून ठेवला होता. काका म्हणजे माझ्या आधीचे, निवृत्त झाले आता, सगळा सर्व्हर ज्यांच्या डोक्यात होता आणि कागदावर जवळजवळ काहीच नव्हतं. ती ओळ त्यांनी एका अटीच्या पोटात लिहिली होती: अमुक जुन्या पद्धतीचं पीएचपी हजर असेल, तर मर्यादा पाच हजार. आणि वर शेरा मारला होता, ‘याला हात लावू नये.’ शनिवारी दुपारी मी ते जुनं पीएचपी काढून नवं बसवलं. काकांच्या ओळीला मी हात लावला नाही. माझा स्वभाव तसा कुणाचं ऐकण्यातला नाही, पण काकांनी लावू नये म्हटलं होतं, म्हणून लावला नाही. ओळ जागच्या जागी राहिली, अक्षरन् अक्षर शाबूत. फक्त जुनं पीएचपी आता हजर नव्हतं. अट खोटी ठरली आणि ओळ मेली. मी शनिवारी चारशे वेबसाइटी तपासल्या, उघडतात का, दिसतात का, चित्रं येतात का. सगळ्या उघडल्या. मी खूश होऊन लवकर घरी गेले, केस धुतले.

आता मी ती ओळ अटीच्या बाहेर काढली, नवं पीएचपी जिथून वाचतं त्या फाइलीत लिहिली, पाच हजार. सेवा पुन्हा सुरू करावी लागते, दोन सेकंदांचं काम. त्या दोन सेकंदांत चारशे वेबसाइटी श्वास रोखतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मग तक्त्याची एक प्रत बनवून सगळे बाराशे एक्याऐंशी रकाने खोट्या अक्षरांनी भरले आणि जतन केले. शेवटचा रकाना, एकसष्ट नंबर, रविवार संध्याकाळ, जसाच्या तसा परत आला. घड्याळात अकरा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. सिस्टरचा फोन ठेवल्यापासून अठ्ठावीस मिनिटं, आणि त्यातली वीस मी नुसती बसून घालवली होती. आता काहीच बिघडलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी सिस्टर, किंवा त्यांच्या जागी येणारी दुसरी कुणी, तक्ता भरेल आणि तो भरलेलाच राहील. आज कुणी येऊन सर्व्हर उलटापालटा केला तरी त्याला सगळं ठीक दिसेल. फक्त एक ओळ सोडून. पीएचपी फॉर्मवाल्याला काही सांगत नसलं तरी स्वतःशी पुटपुटतं. नोंदीच्या फाइलीत, हजारो फालतू ओळींच्या मध्ये, मला ती सापडली: रविवार, दुपारी तीन बेचाळीस, रकाने हजारावर गेले, वरचे सोडून दिले. शेजारी वृद्धाश्रमाचं नाव. म्हणजे सिस्टरनी भरलं होतं. तीन बेचाळीसला त्यांनी बोट दाबलं होतं आणि बाराशे एक्याऐंशी रकाने त्यांच्या हातून निघाले होते. आमच्याकडे नोंदी सात दिवस राहतात. आठव्या दिवशी त्या आपोआप पुसल्या जातात, मला बटणसुद्धा दाबावं लागत नाही. रविवारपर्यंत मी काही केलं नाही, नुसती जेवले, झोपले, कामावर आले-गेले, तर जगात या गोष्टीचा पुरावा उरणार नव्हता. इतकं सोपं पाप मला याआधी कुणी देऊ केलं नव्हतं.

साहेबांना आम्ही मागे थंडोबा म्हणतो. केबिनमध्ये हिवाळा ठेवतात आणि आग लागली तरी आधी बसायला सांगतात. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी बसवलं. पुन्हा सांगायला लावलं. मग टाचणीने नख कोरत म्हणाले, “आता चालतंय ना?” चालतंय म्हटलं. “मग त्यांना मेल टाक. तांत्रिक अडचण आढळली, दूर केली. बस.” मी म्हटलं, सर, एक बाई हॉस्पिटलमध्ये आहे, आणि दुसरीला लिहून द्यायला लावतायत. “म्हणून तर म्हणतो,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच मायेचा झाला, हेच त्यांचं वाईट. “तू सरळ आहेस, म्हणून सांगतो. आपण मर्यादा घातली नव्हती, ती मूळचीच होती. हजार रकान्यांचा फॉर्म बनवायला आपण सांगितलं होतं का? गोळी द्यायची की नाही हे आपलं पीएचपी ठरवतं का? उद्या त्या आजींचं काही बरंवाईट झालं तर तू शनिवारी काय केलंस ते वकील विचारणार. तुला दोन पोरं आहेत.” मग थोडं थांबून, “तुझे वडील तिथंच आहेत ना गं? त्यांचं ठीक आहे?” ठीक आहे म्हटलं. “मग झालं तर,” थंडोबा म्हणाले. मी बाहेर आले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांनी जे जे म्हटलं ते मी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान स्वतःला ह्याच क्रमाने सांगून झालं होतं, नख कोरणं सोडून.

बाबा पाणीखात्यात झडपा उघडायचे. त्यांच्याकडे माझ्याहून उंच लोखंडी चावी होती, वरती आडवी मूठ, आणि शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायची. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, झडपेच्या चौकोनी टोकावर बसवायची आणि फेरे मोजायचे. मोजायचं काम माझं. ह्या गल्लीला साडेसहा, त्या उताराला चार, दवाखान्याला नऊ. फेरे मोजताना बाबा बोलायचे नाहीत आणि मलाही बोलू द्यायचे नाहीत. “आपण दिसत नाही हेच आपलं काम,” असं म्हणायचे, “दिसलो की समज कुठंतरी नळ कोरडा आहे.” एका वर्षी, मी नऊ-दहा वर्षांची असेन, एका गल्लीला तीन दिवस पाणी आलं नाही. तिथं एक शिवणकाम करणारी बाई राहायची, एकटी, जरा फटकळ. तिने नव्यानेच पंप बसवला होता. लोक म्हणाले पंपाने ही सगळं ओढते. दुसऱ्या दिवशी बाबांच्या लक्षात आलं की त्या गल्लीची झडप उघडायचीच राहिलीय. मला माहितीये, कारण आम्ही दुसऱ्याच झडपेपाशी होतो, मी फेरे मोजत होते, आणि ते मधेच थांबले. चावी हातात तशीच, नजर दूर कुठंतरी. मी म्हटलं पाच झाले बाबा. ते म्हणाले, हं. त्या गल्लीत आम्ही त्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे गेलो, कुणी उठायच्या आधी, आणि साडेसहाच्या साडेसहा फेरे बाबांनी इतक्या हळू फिरवले की लोखंड वाजलं नाही. तोवर आदल्या संध्याकाळी लोकांनी बाईचा पंप उपटून रस्त्यावर टाकलेला होता. तो तिथंच पडला होता, तारा बाहेर आलेल्या. आम्ही त्याला वळसा घालून गेलो. बाईने पुढच्या महिन्यात जागा सोडली. बाबा आजही आश्रमाच्या खिडकीत बसून झडपांच्या गोष्टी सांगतात, ऐकणारा कंटाळून झोपला तरी सांगतात. दवाखान्याला पूर आला ती, साप निघाला ती, मोर्चातली. ही त्यांनी कधी सांगितली नाही आणि मी कधी विचारली नाही. आमच्यातलं ते एकच खरं गुपित, आणि मी ते इतकं नीट जपलं की कधीकधी वाटतं माझं बाबांवरचं प्रेम म्हणजे बरंचसं ते जपणंच आहे. मला त्या दुपारी बाबांचा राग आला, चाळीस वर्षं उशिरा. ते थांबले होते तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी पाहिलं होतं, आणि आता तेच, रेषेला रेष लावून, माझ्या कॉम्प्युटरच्या बंद पडद्याच्या काळ्या काचेत दिसत होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि बंद केला. दोनदा फोन हातात घेतला. एकदा सिस्टरचं नाव काढून अंगठा वर धरला आणि विचार केला की आधी हॉस्पिटलमधून काही कळू दे. आजी शुद्धीवर आल्या तर सांगणं सोपं जाईल. मग लगेच दुसरा विचार, त्या शुद्धीवर आल्या तर सांगायची गरजच काय. माझं मन असं सराईत आहे हे मला ठाऊक नव्हतं. स्वतःला मी स्पष्टवक्ती समजते. भाजीवाल्यापासून थंडोबापर्यंत सगळ्यांना तोंडावर बोलते, घरी त्यावरून सगळे मला चिडवतात. दुसऱ्याची चूक तोंडावर सांगण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

अडीच वाजता फोन वाजला. सिस्टर. ह्या वेळी घुमारा नव्हता, मागे पाण्याचा आवाज येत होता. “ताई, तुम्ही कामात असाल. तेवढ्यासाठी बघत बसू नका म्हणून फोन केला.” मी म्हटलं, नाही, मी... आणि त्या बोलतच राहिल्या, घाईघाईने, मला अडचणीत न टाकण्याच्या घाईने. “मीच विसरले असेन हो. नीट आठवून बघितलं. अठ्ठेचाळीसच्या आजोबांचं भरताना बेल वाजली होती बहुतेक. उठले असेन, आणि परत आल्यावर वाटलं असेल झालं सगळं. परवा दूध गॅसवर ठेवून मी दुकानात गेले होते, भांडं जळलं. मुलगा म्हणालाच, आई तुझं लक्ष नसतं हल्ली. दिलं मी मॅडमना लिहून.” “दिलंत?” “आत्ताच दिलं. बरं वाटलं खरं सांगू का. सकाळपासून डोक्यात नुसता भुंगा होता, भरलं का नाही भरलं. आता एकदाचं ठरलं.” मला तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं: सिस्टर, तीन बेचाळीसला तुम्ही सगळं भरलं होतं. मी तोंड उघडलं आणि आवाज आला तो असा, “मी येते संध्याकाळी.” “या की,” त्या म्हणाल्या, “बाबा वाट बघतच असतात.” रविवारी कुठली बेल वाजलीच नव्हती, किंवा वाजली असेलही, त्याचा काही संबंध नव्हता. मी गप्प राहिले त्या साडेतीन तासांत त्यांनी माझी चूक स्वतःच्या आठवणीत नेऊन बसवली होती. त्यांना ती आता दिसत होती, ऐकू येत होती.

मी नोंदीतली ती ओळ छापून घेतली. अख्ख्या कागदावर एकच ओळ, मध्ये. साडेचारला थंडोबांच्या दारात उभी राहून म्हणाले, “सर, मी जातेय तिकडे सांगायला.” त्यांनी हातातली टाचणी खाली ठेवली. “मेल तू टाकली नाहीस म्हणजे,” म्हणाले. नाही म्हटलं. “मग कंपनीच्या वतीने गेलीस असं म्हणू नकोस,” एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. म्हणजे नोकरीचं काय ते उद्या कळणार होतं. बसमध्ये उभं राहायला जागा मिळाली. दांडा धरलेल्या हाताला घाम आणि दुसऱ्या हातात कागद, गुंडाळी न करता, सपाट, कारण घडी पडली तर ओळीवरच पडेल अशी मला विनाकारण भीती वाटत होती. मी वाक्यं जुळवत होते. आधी बातमी सांगायची, मग माफी मागायची. नाही, आधी माफी. मनातल्या मनात मी सिस्टरना रडताना पाहिलं, मग चिडताना, मग माझा हात हातात घेताना. तिन्ही वेळा मला बरं वाटत होतं. हे ध्यानात आल्यावर मी पुढची वाक्यं जुळवायची बंद केली आणि खिडकीबाहेर दुकानांच्या पाट्या वाचत राहिले, एकही न कळता.

आश्रमाच्या लांब व्हरांड्यात सहाच्या फेरीची तयारी चालली होती. सिस्टर औषधांच्या ढकलगाडीशी उभ्या होत्या, समोर छोट्या वाट्यांच्या रांगा, प्रत्येकीवर नंबर. एकोणपन्नासपासून पुढचा तक्ता आता हाताने लिहून चिकटवलेला होता. मी नमस्कारही केला नाही. कागद पुढे केला आणि म्हणाले, “सिस्टर, तुम्ही भरलं होतं. सगळं. तीन बेचाळीसला. आमच्या सर्व्हरने वरचं टाकून दिलं, आणि ते माझ्यामुळे. शनिवारी मी एक बदल केला, त्यात राहून गेलं.” एवढं बोलून माझा दम संपला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. ओळ वाचली, इंग्रजीतली, अर्धीमुर्धी कळली असेल, पण वेळ त्यांना कळली. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. “तीन बेचाळीस,” त्या म्हणाल्या. चेहरा असा उघडला, असा पोरीसारखा झाला की मला वाटलं बस, इथंच थांबावं सगळं. “म्हणजे मी विसरले नव्हते.” नाही म्हटलं. “बेल नव्हती वाजली.” “मला माहीत नाही सिस्टर. पण तुम्ही भरलं होतं.” त्या कागद बघत राहिल्या. मग विचारलं, “हे कधी कळलं तुम्हाला?” दुपारी, असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर तयार होता. “सकाळी,” मी म्हणाले. “तुमचा फोन चालू होता तेव्हाच.”

त्या रागावल्या नाहीत, हे लिहून ठेवते, कारण मी वाट बघत होते. त्यांनी पुढच्या दोन वाट्यांत गोळ्या टाकल्या, तक्त्याशी ताडून बघितल्या. तिसऱ्या वाटीपाशी थांबल्या. “ताई, मग सोमवारी मी काय केलं?” मला कळलं नाही. “भरलं नसतं तर एक वेळ ठीक होतं. विसरले म्हणजे विसरले, संपलं. पण भरलं होतं ना मी. आजींची फिटची गोळी, सकाळी एक, संध्याकाळी एक, ह्याच हातांनी रविवारी लिहिली. आणि सोमवारी सकाळी गाडी घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेले तर कागदावर काही नाही. आजींनी हात पुढं केला होता. रोज करतात, असा. म्हणाल्या, माझी गोळी? मी म्हटलं, आज नाहीये आजी, डॉक्टरांनी बंद केली असेल. मला पाठ आहेत हो सगळ्यांच्या गोळ्या. एकोणपन्नासपासून पुढं सगळ्यांचंच कोरं, माझ्या मनात आलं होतं, हे कसं काय. आलं होतं. पण एकसष्ट जणांची फेरी, कुणाला विचारायला जायचं, परत जिना उतरायचा, कागदावर नाही तर नाही. संध्याकाळी त्यांनी परत हात पुढं केला.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, स्वतःच्या तळहाताकडे बघत होत्या. “दुपारी लिहून देताना हे लिहिलं नाही मी. विसरले असं लिहिलं. विसरण्यात हे झाकून गेलं.”

“तो नियमच आहे सिस्टर, तुमचा काय दोष,” मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला माझा आवाज ओळखू आला. थंडोबा असेच बोलले होते, ह्याच मायेने. सिस्टरनी मान हलवली. कागद माझ्या हातात परत दिला, सपाट होता तसाच. “हा मॅडमना दाखवायचाय ना तुम्हाला?” हो म्हटलं. “दाखवा. पण आधी मी जाते आत. तुम्ही आधी गेलात तर माझं नाव सुटेल. मॅडम मला जवळ घेतील, सॉरी म्हणतील. मग मी सोमवारचं कधीच सांगणार नाही, मी ओळखते मला.” त्यांनी गाडीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, पदर सारखा केला आणि व्हरांड्याच्या टोकाच्या दाराकडे चालत गेल्या. टकटक करून आत गेल्या आणि दार लागलं.

मी भिंतीकडेच्या बाकावर बसले. आतून सिस्टरचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, फक्त एकसारखा, न थांबणारा, वाचून दाखवल्यासारखा आवाज. मग मॅडमचा एक छोटा प्रश्न. मग पुन्हा सिस्टर. व्हरांड्यातून एक आजोबा भिंत धरत गेले आणि गोळ्यांची वेळ झाली ना, असं मला विचारून गेले. फाटक सरळ समोर होतं, उघडं. आता मला कुणी विचारलं नसतं. सिस्टर आत जे सांगत होत्या त्यानंतर मॅडमना माझ्या कागदाची फारशी गरज उरणार नव्हती. आजींना गोळी का मिळाली नाही ह्याला माणूस मिळाला होता, स्वतःच्या पायांनी चालत आलेला. आजींची शुद्ध आली की नाही हेही मी अजून कुणाला विचारलेलं नव्हतं, इतकी मी माझ्यातच होते. आतला आवाज थांबला. खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग कुणीतरी रडायला लागलं, आणि ते सिस्टरचं रडणं नव्हतं, मॅडमचं होतं. मी बोलावण्याची वाट बघितली नाही. उठले, दार ढकललं आणि म्हणाले, “मॅडम, ह्यांचं ऐकलंत, आता माझं ऐका.”